कमी बजेटचा पीसी: ५६००जी, आय५-१२४०० की ७६००?

हात आखडता घेऊन पीसी जुळवायचा म्हटलं की गाडी बहुधा या तीन प्रोसेसरपाशी येऊन अडते: एएमडीचे रायझन ५ ५६००जी आणि रायझन ५ ७६००, आणि इंटेलचा आय५-१२४००. तिघांनाही सहा कोअर (काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आहेत, म्हणजे कोअर मोजून काहीच ठरत नाही. आधी हे ठरवा, की ग्राफिक्स कार्ड घेणार आहात का?

घेणार नसाल तर माझं मत सरळ रायझन ५ ५६००जीला. त्यात आतच असलेलं वेगा ग्राफिक्स १२४०० मधल्या इंटेलच्या यूएचडी ७३० पेक्षा बरंच सरस आहे, हलके गेम कमी सेटिंगवर नीट चालतात. रायझन ५ ७६०० मध्येही ग्राफिक्स आहे, पण दोनच कॉम्प्युट युनिटचं (ग्राफिक्सचं काम करणाऱ्या गटांचं). ऑफिसचं काम आणि व्हिडिओ यांना ते पुरतं, गेमना नाही.

मात्र ५६००जी घेतलात तर रॅम जोडीनेच घ्या. १६ जीबीची एक स्टिक नको, ८-८ च्या दोन. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगतं. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन लावल्या की ५१.२. मी सुरुवातीला एकच लावली होती आणि गेम अडखळायचे. दुसरी बसवल्यावर तोच पीसी ओळखू येईना.

कार्ड आत्ताच किंवा वर्षभरात घ्यायचं असेल, तर हाच ५६००जी मागे पडतो. साध्या ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे, ५६००जीमध्ये निम्मी. शिवाय ५६००जी पीसीआयई ३.० वरच (कार्ड जोडणाऱ्या मार्गाच्या जुन्या आवृत्तीवर) थांबतो, आणि आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेन वापरणारं कार्ड तिथे चांगलंच घुसमटतं. अशा वेळी साधा ५६०० किंवा १२४००एफ पाहा. दोघांतही ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड बिघडलं तर स्क्रीनही बंद, हे लक्षात असू द्या.

पुढे फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर ७६०० साठी थोडं थांबून पैसे साठवावेत असं मला मनापासून वाटतं. त्याचं एएम५ सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसरची बैठक) २०२२ चं आहे आणि त्यात रायझन ९००० मालिकाही बसते. १२४०० चं एलजीए१७०० इंटेलच्या चौदाव्या पिढीवर संपलं, ५६००जी आणि ५६०० चं एएम४ तर त्याहून जुनं. अडचण एकच, एएम५ ला डीडीआर५ च लागते. घरात डीडीआर४ पडून असेल तर ती फुकट जाईल. १२४०० दोन्ही प्रकार चालवतो, पण बोर्ड कोणत्यातरी एकाचाच असतो.

एसएसडी कुठलीही बऱ्या कंपनीची चालेल. एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात) मात्र काटकसर नको. पेटीवरचे वॉट पाहून भुलू नका, १२ व्होल्टच्या रेलवर (वीजवाहिनीवर) किती अँपिअर मिळतात ते वाचा.

आणि स्वस्तात एएम४ चा जुना बी४५० बोर्ड मिळत असेल, तर त्याचा बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) रायझन ५००० मालिकेसाठी अपडेट केलेला आहे का, हे पैसे देण्याआधीच विचारा. नसेल, तर सगळं नीट जोडूनही स्क्रीन काळीच राहते, आणि अपडेट करायला बऱ्याचदा दुसरा जुना प्रोसेसर शोधत बसावं लागतं.