पॉवर सप्लाय टेस्टर घेतला, सप्लाय निघाला निर्दोष

नवीन पीसी पहिल्यांदाच स्वतः जोडला, वायरी वगैरे मस्त मागून फिरवून बांधल्या, बटण दाबलं आणि काहीच नाही. फॅन हलेना, लाइट नाही, एकदम ठार. पॉवर सप्लायच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागचा छोटा स्विच चालू होता (सगळे आधी तेच विचारतात म्हणून सांगतोय), सॉकेट बदलून झालं, केबल बदलून झाली. मग सगळा राग सप्लायवर, परत पाठवायला खोक्यात भरतच होतो, तेवढ्यात एका मित्राने सांगितलं की आधी टेस्टर लावून बघ. म्हणून हा छोट्या स्क्रीनवाला टेस्टर मागवला.

वापरायला सोपा आहे. २४ पिनचा मोठा कनेक्टर लावायचा, मागचा स्विच चालू करायचा, बस. मदरबोर्ड जसा हिरवी वायर ग्राउंडला जोडून सप्लायला उठवतो तेच हा करतो, त्यामुळे पेपरक्लिप घालून जुगाड करायला नको. माझ्याकडे १२ व्होल्टच्या जागी १२.१, ५ ला ५.०, ३.३ ला ३.३ आणि स्टँडबायचे (पीसी बंद असतानाही चालू राहणारे) ५ पण बरोबर आले. या सगळ्यांत ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ वाली लाइन ११.४ ते १२.६ च्या मधे पाहिजे. शिवाय पीजी म्हणून एक आकडा येतो, म्हणजे व्होल्टेज स्थिर झाल्यावर सप्लाय किती वेळाने बोर्डाला हिरवा कंदील देतो ते, साधारण १०० ते ५०० मिलिसेकंद पाहिजे, माझा २६० आला. सीपीयूच्या आणि ग्राफिक्स कार्डच्या ८ पिनला वेगवेगळे सॉकेट आहेत हे बरं केलंय, कारण ते दोन दिसायला भाऊभाऊ पण वायरिंग उलटं असतं.

म्हणजे सप्लाय ठीक आणि चूक माझी! मग केसचं बटण बाजूला ठेवून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवल्या, तर फॅनने अर्धा गिरका मारला आणि बंद. तिथे ट्यूब पेटली. एक तर बटणाची वायर मी एक पिन सरकवून लावली होती म्हणून बटण मेलेलं, आणि फॅन हलून थांबतो म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे, सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतोय. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, एक रॅम, प्रोसेसर, कूलर एवढंच लावलं, लगेच चालू झाला राव. केसमधे बघितलं तर जिथे बोर्डाला भोकच नाही तिथे एक पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर स्क्रूने बसवतात तो छोटा खांब) आधीपासून बसवलेला, तो बोर्डाच्या पाठीला टेकत होता. दोन मिनिटांचं काम, पण त्यासाठी दोन दिवस गेले.

तक्रारी पण आहेत. हा टेस्टर सप्लायवर लोड जवळजवळ टाकतच नाही, त्यामुळे गेम लावल्यावर मान टाकणारा सप्लायसुद्धा इथे छान पास होईल. आकडे चुकीचे आले तर सप्लाय खराब हे नक्की समजा, बरोबर आले तर मात्र लगेच नाचू नका. मॅन्युअल म्हणजे एक चिटोरं, अक्षरं मुंगीएवढी, "एलएल" म्हणजे व्होल्टेज कमी आणि "एचएच" म्हणजे जास्त हे शोधत बसावं लागलं. आणि बीपचा आवाज! रात्री दीडला लावला तर आई उठून आली, गॅसचा अलार्म वाजतोय का म्हणून.

एकच पीसी जोडणार असाल तर आधी स्क्रूड्रायव्हर आणि पुठ्ठ्याचं खोकं वापरून बघा, ते घरात असतंच. मित्रमंडळींचे पीसी तुमच्याच गळ्यात पडत असतील तर घेऊन ठेवा. माझ्याकडून ५ पैकी साडेतीन, अर्धा त्या बीपसाठी कापलाय.