जुनी गाडी बघायला जाताना ‘ऑटोकार’चा जुना अंक सोबत ठेवा

सेकंडहँड गाडी बघायला जाताना लोक ओळखीचा मेस्त्री सोबत नेतात. त्याच्यासोबत आणखी एक गोष्ट न्यावी: ती गाडी नवी असताना ‘ऑटोकार इंडिया’त छापून आलेली रोड टेस्ट, म्हणजे गाडी चालवून आणि मोजून घेतलेली चाचणी. हे मासिक इंग्रजीत निघतं, पण ज्यासाठी ते घ्यायचं तो आकड्यांचा तक्ता वाचायला भाषा आडवी येत नाही.

या तक्त्यामागे मोठी परंपरा आहे. मूळचं ‘द ऑटोकार’ 2 नोव्हेंबर 1895 ला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत सुरू झालं. प्रकाशक आयलिफ आणि संपादक हेन्री स्टर्मी, म्हणजे सायकलच्या स्टर्मी-आर्चर गिअर हबमधले स्टर्मी. त्या वेळी ब्रिटनमध्ये मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि उघड्या रस्त्यावर ताशी 4 मैलांची मर्यादा होती. ती 1896 च्या कायद्याने 14 मैलांवर गेली. ग्राहक तयार होण्याआधीच साप्ताहिक उभं करणं हे धाडसच होतं. पण खरं मोठं काम झालं ते 1928 मध्ये. ऑस्टिन सेव्हनच्या गॉर्डन इंग्लंड सनशाइन सलूनपासून त्यांनी ठरलेल्या पद्धतीची रोड टेस्ट सुरू केली. गाडी कोणतीही असो, मोजमाप तेच. त्यामुळे दोन गाड्या शेजारी ठेवून तोलता येऊ लागल्या. 1988 मध्ये जुना प्रतिस्पर्धी ‘मोटर’ यातच विलीन झाला. भारतीय आवृत्ती आली 1999 मध्ये, अगदी नेमक्या वेळी. सँट्रो, मॅटिझ, इंडिका नुकत्याच बाजारात आल्या होत्या आणि काय निवडायचं हा प्रश्न इथल्या ग्राहकाला पहिल्यांदाच पडला होता.

आता तक्ता कसा वाचायचा ते. ताशी 0 ते 100 किलोमीटर वेग गाठायला किती सेकंद लागतात, तो आकडा सगळे आधी बघतात, पण वापरलेल्या गाडीसाठी तो सगळ्यात कमी उपयोगाचा. त्यात क्लच सोडण्याचं आणि गिअर टाकण्याचं कसबच जास्त मोजलं जातं, शिवाय रस्त्यावर तो तपासूही नये. कामाचे दोन आकडे म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये 20 ते 80 आणि चौथ्यात 40 ते 100. गिअर बदलायचा नाही, फक्त पेडल दाबायचं, म्हणून इंजिनाची खरी तब्येत कळते. कसारा घाटात ट्रकमागून निघताना गाडी साथ देईल का, तेही यातच दिसतं.

20 ते 80 तपासायला पहाटे रिकामा, सपाट रस्ता हवा. टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, एसी बंद, एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने वेळ घ्यायची. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो, म्हणून वेग फोनच्या जीपीएसवर बघा. बहुतेक फोनचा आकडा सेकंदाला एकदाच बदलतो, तेव्हा अर्ध्या-एक सेकंदाची चूक गृहीत धरा. जाताना दोनदा, येताना दोनदा मोजून सरासरी काढली की उतार आणि वारा दोन्ही कटतात.

नाशिककरांनी एक हिशेब विसरू नये. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहोत, इथली हवा साधारण 6 टक्क्यांनी विरळ. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. समुद्रसपाटीजवळ 12 सेकंद घेणाऱ्या गाडीला इथे 12.8 लागले तर गाडी निरोगी आहे. टर्बो डिझेलला ही सूट देऊ नका, टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो.

तक्त्यातल्या आकड्याशी फरक 15 टक्क्यांच्या वर गेला तर मात्र कारण शोधायचं. आरपीएम चढतात पण वेग त्या मानाने वाढत नाही, तर क्लच घसरतोय. डिझेल 2,000 आरपीएमनंतरही उचलत नाही, शिट्टी वाजते आणि काळा धूर येतो, तर टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा भाग) यांमधला होज फाटलेला किंवा क्लिप सैल. शिट्टी नसेल तर काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) उघडून बघा. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची शंका असेल तर चारही इंजेक्टरच्या नळ्यांतून परत येणारं डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत घ्या. एकाचं बाकीच्यांच्या दुप्पट भरलं तर तो गेला. सातपूरला बॉशचा कारखाना असल्यामुळे इंजेक्टर-नोझल म्हणजे काय हे आपल्या शहराला समजावून सांगावं लागत नाही. आणि चालवून आल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर ब्रेक धरून राहतोय.

अंक निवडताना चूक होते ती इंजिनाच्या बाबतीत. नाशिकलाच बनलेल्या स्कॉर्पिओचं उदाहरण घ्या. सुरुवातीचं 2.6 लीटर आणि नंतरचं 2.2 लीटर एमहॉक, दोन्हींवर नाव तेच, पण एकाचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही. लोगन गाडीचंही तसंच, 1.4 आणि 1.6 पेट्रोल, 1.5 डिझेल, तिन्हींचे आकडे वेगळे. ऑटोमॅटिकचे आकडे किकडाउनचे, म्हणजे पेडल पूर्ण दाबल्यावर गाडी स्वतःच खालचा गिअर टाकते तेव्हाचे असतात, ते मॅन्युअलला लावू नका.

80 ते 0 ब्रेकिंगचा आकडा फक्त वाचण्यासाठी आहे, अनोळखी गाडीवर करून बघण्यासाठी नाही. चांगली गाडी कोरड्या रस्त्यावर 25 ते 28 मीटरमध्ये थांबते, एवढं लक्षात ठेवलं की बाकीच्यांची पारख होते. मायलेजचे आकडे तुलनेसाठी चांगले, पण गंगापूर रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत तेच मिळतील या भरवशावर बसू नका.

रद्दीवाल्याकडून अंक घेताना तक्त्याचं पान जागेवर आहे ना ते आधी बघा, पोस्टरसोबत पानं निघालेली असतात. पाठीचा गोंद जुना झाला की कडक होतो, अंक सपाट उघडला की तडकतो आणि पानं सुटी होतात. पावसाळ्यात लोखंडी कपाटात ठेवले तरी खाली लाकडी फळी हवी, कारण गुळगुळीत कागद भिजून वाळला की पानं वीट होऊन चिकटतात, मग सुटत नाहीत. ओला अंक वाळण्याआधी प्रत्येक पानामध्ये साधा कागद घालावा. बाइंडिंग करायचं तर सहा अंकांचा एक खंड पुरे. बाइंडरला टाका पाठीपासून 5 मिलिमीटरच्या आत घ्यायला सांगा. नेहमीसारखा 10-12 मिलिमीटरवर घेतला तर तक्त्याचा आतला रकाना शिवणीत जातो.