खाऱ्या टँकमधलं चीटो शेवाळ: आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात पुण्याहून ट्रॅव्हल्सने मूठभर हिरवा गुंता आला. आईने विचारलं, "हे कुठल्या मागावरचं सूत रे?" चीटोमॉर्फा लायनम दिसतंच तसं. कडक धागे, एकालाही फांदी नाही. लायनम म्हणजे जवस, ज्याच्या खोडातून लिननचं सूत निघतं. भिंगाखाली एकेका धाग्यात पेशी मण्यांसारख्या एका ओळीत ओवलेल्या दिसतात, ते बघण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या.

टँक खाऱ्या पाण्याचा, 150 लिटरचा, त्यात दोन क्लाउनफिश हे समुद्री मासे. माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं नायट्रेट 40 पीपीएमखाली (दशलक्षात 40 भाग) उतरत नव्हतं. सारखं पाणी बदलायचं म्हणजे आरओचं पाणी हवं, आणि आमच्याकडे नळ चार दिवसांनी येतो. म्हणून हे शेवाळ सम्पमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या गाळणीच्या वेगळ्या टाकीत सोडलं. वर साधा पांढरा एलईडी, रात्री 9 ते सकाळी 7. टँकचा लाइट बंद झाला की कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लतेकडे झुकतं. त्या वेळी सम्पमधलं शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. डिसेंबरअखेर नायट्रेट 10 वर आलं.

विकणाऱ्याने एक गोष्ट मात्र सांगितली नाही. शेवाळ नायट्रेट शोषून त्यावर वाढतं. ते टँकबाहेर जातं शेवाळ काढलं तरच. मार्चमध्ये छान वाढतंय म्हणून मी हात लावला नाही. गठ्ठा फुटबॉलएवढा झाला, खालच्या थराला उजेड मिळेना, तो पांढरा पडून कुजला आणि खाल्लेलं सगळं पुन्हा पाण्यात. नायट्रेट परत 30! फार वाईट वाटलं. आता दर रविवारी एक तृतीयांश काढतो, उरलेलं उलटं करून ठेवतो.

मे महिना कठीण गेला. पाणी 31 अंशांवर. सम्पवर पंखा लावल्यावर 28 वर आलं, पण रोज तीन लिटर पाणी उडायचं. भर घालताना नुसतं आरओचं पाणी, मीठ नाही. मीठ उडत नाही. शेवाळाची वाढ मंदावली, तगलं मात्र.

चीटोऐवजी कॉलर्पा हे दुसरं समुद्री शेवाळ घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. ते दिसायला सुंदर, पण अख्खी वनस्पती म्हणजे एकच पेशी. पुनरुत्पादनावर आली की आतलं सगळं पाण्यात सोडते आणि रातोरात पांढरी पडते. मित्राच्या टँकचं पाणी असंच गढूळ झालं होतं. मी चीटोच घेईन.

सोलापुरात कुणी खारा टँक लावत असेल तर रविवारी मूठभर न्या. धुऊ नका, धाग्यांत कोपेपॉड हे बारीक जीव असतात, माशांना खायला आवडतात.