अँबेसेडरला नॉबवाला फॅन स्विच: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाची, कार्बोरेटरवाली अँबेसेडर. वॉटर पंपाच्या पुलीवरचा मूळ पंखा काढून १२ इंची इलेक्ट्रिक फॅन लावला, आणि तो किती तापमानाला लागावा हे नॉब फिरवून ठरवता येईल असा कॅपिलरीवाला स्विच बसवला. कॅपिलरी म्हणजे स्विचमधून निघणारी द्रवाने भरलेली बारीक नळी, आणि तिचं तापमान जाणणारं टोक म्हणजे बल्ब. फेब्रुवारी ते नोव्हेंबर, साधारण सहा हजार किलोमीटर. निम्मे छत्रपती संभाजीनगरच्या गर्दीत, बाकीचे कन्नड, जालना आणि बीडकडे.

आधी निकाल सांगतो. स्विच चांगला आहे, पुन्हा बसवायचा झाला तर हाच बसवू. पण नॉबभोवती छापलेले आकडे खरे धरून चालू नका. बल्ब कुठे बसवला आहे आणि गाडीतला थर्मोस्टॅट वॉल्व्ह (ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) किती अंशांचा आहे, यावरच सगळा खेळ आहे. हे जुळलं नाही तर फॅन एकतर दिवसभर घोंघावत राहतो, नाहीतर गाडी उकळायला आली तरी लागत नाही.

मूळ पंख्याची अडचण सगळ्यांना माहीत आहे. तो इंजिनाच्या वेगाने फिरतो. जालना रोडच्या सिग्नलला गाडी आयडलवर उभी असते तेव्हा वाऱ्याची खरी गरज असते, आणि नेमका तेव्हाच तो सावकाश फिरतो. हायवेला समोरून पुरेसा वारा असतो, तेव्हा हा मात्र जोरात. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंश आणि जानेवारीतल्या पहाटेची हवा १२ अंश असेल तर फरक ७८. मे महिन्यात हवा ४३ अंश, म्हणजे फरक उरला ४७. तोच रेडिएटर, तोच वारा, पण क्षमता जवळपास ६० टक्क्यांवर आली. त्यामुळे हिवाळ्यात ठीक वाटणारी गाडी मेमध्ये हीट मारते.

म्हणून फॅनच्या आधी रेडिएटर बघा. बोअरचं क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या गाडीत नळ्यांना आतून दगडासारखा थर बसलेला असतो. इंजिन गरम करून बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीच्या पुढून हात फिरवा. मध्येच थंड पट्टा लागला तर त्या नळ्या बुजल्या आहेत. तसा रेडिएटर उघडून, सळई घालून साफ करून घेतल्याशिवाय फॅनवर पैसे घालू नका. भरताना डिस्टिल्ड पाणी आणि ३० ते ५० टक्के कूलंट. या भागात बर्फ पडत नाही हे खरं, पण कूलंट गंज रोखतो आणि उकळण्याचा अंशही वर नेतो. रेडिएटरच्या टोपणाचं रबर तपासा. संभाजीनगरच्या उंचीवर उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ७ पौंडी (प्रति चौरस इंच) टोपण नीट दाब धरत असेल तर तेच पाणी ११० पर्यंत टिकतं.

दुसरी पूर्वतयारी चार्जिंगची. आमच्या फॅनने डीसी क्लॅम्प मीटरवर चालू होताना क्षणभर २० अँपिअरच्या वर आणि नंतर स्थिर ९ अँपिअर घेतले. रात्री पावसात हेडलाईट १० अँपिअर, वायपर ३ ते ४, इग्निशन ३ ते ४, वर हा फॅन: बेरीज २५ च्या पुढे जाते. जुना २२ अँपिअरचा डायनामो (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) हे पेलत नाही, आणि आयडलवर तर तो जवळपास काहीच देत नाही. डायनामो असेल तर आधी अल्टरनेटर बसवा. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलं आहे हेही डोळ्यांनी बघून घ्या. जुन्या गाडीत ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मूळ पंखा काढताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. त्याचे चार बोल्ट पुलीसुद्धा धरून ठेवतात. पंख्याची जाडी गेली की तेच बोल्ट लांब पडतात, मागे पंपाच्या अंगाला टेकतात आणि पुली मात्र सैल राहते. तेवढ्या जाडीचे वायसर घाला किंवा त्याच इंची आट्यांचे आखूड बोल्ट लावा, मग हाताने पुली पूर्ण फिरवून बघा.

इलेक्ट्रिक फॅन शक्यतो रेडिएटरच्या मागे, म्हणजे हवा ओढणारा लावावा. जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी तो बांधून देतात, ते करू देऊ नका. खड्ड्यांत त्या पट्ट्या नळ्यांवर घासतात आणि काही महिन्यांत बारीक गळती सुरू होते. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या चौकटीला २५ मिमी रुंदीची लोखंडी पट्टी आडवी मारून फॅन तिच्यावर बसवला, आणि जाळीपासून ८ ते १० मिमी अंतर राखलं. जोडणी झाल्यावर रेडिएटरसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. तो जाळीला चिकटून राहिला तर दिशा बरोबर. उडून गेला तर दोन वायरी उलट आहेत.

आता वायरिंग. कॅपिलरी स्विचवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं, पण बहुतेक वेळा ते घरगुती २४० व्होल्ट एसीसाठी असतं. एसी प्रवाह दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. गाडीच्या डीसीत ती विझत नाही, आणि स्विचच्या आतले एकमेकांना टेकणारे पॉईंट जळून चिकटतात. म्हणून मध्ये ४० अँपिअरचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) हवाच. बॅटरीपासून २५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन, ८७ वरून फॅन, ८५ बॉडीला, ८६ ला इग्निशनचा करंट स्विचमधून. रिलेच्या आत डायोड असेल तर ८५ आणि ८६ अदलाबदल करू नका. फॅनच्या वायरी ४ चौरस मिमी, रिलेच्या कॉईलच्या १ चौरस मिमी. सगळीकडे १ चौरस मिमीची वायर वापरली तर तीन मीटरमध्ये अर्ध्या व्होल्टच्या आसपास वाया जातो आणि वायर कोमट लागते. रिले पिना खाली करून, एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूच्या मडगार्डच्या आत लावा. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, तिथली उष्णता रिलेलाही नको आणि कॅपिलरीलाही.

फॅनचा मुख्य करंट इग्निशनच्या सर्किटमधून कधीही घेऊ नका. चावी बंद केल्यावर फिरता फॅन काही क्षण जनरेटरसारखा वागतो, इग्निशन कॉईलला करंट देतो आणि इंजिन लगेच थांबत नाही. चावी बंद केल्यावरही फॅन चालू राहावा का, यावर मतं वेगळी आहेत. आमचं मत: नको. इंजिन थांबलं की पंप थांबतो, मग फॅन फक्त रेडिएटरमधलं पाणी गार करत बॅटरी खातो. लांबून तापून आलेली गाडी बंद करण्याआधी मिनिटभर आयडलवर ठेवणं जास्त उपयोगी.

बल्बची जागा तीनदा बदलली. आधी रेडिएटरच्या वरच्या होज पाईपमध्ये, सोबत आलेल्या रबरी सीलमधून कॅपिलरी बाहेर काढून. सहा आठवड्यांनी क्लॅम्पच्या कडेला पांढरी-हिरवट खपली दिसू लागली. कारण साधं आहे. दोन मिमीची गोल नळी होजखालून जाते, तिच्या दोन्ही बाजूंना बारीक फट राहते, आणि क्लॅम्प कितीही आवळला तरी ती पूर्ण दबत नाही. जास्त आवळला तर कॅपिलरी चेपते. मग दोन आठवडे बल्ब जाळीत, वरच्या टाकीजवळ खोचला. गळतीचा प्रश्नच नाही, पण चालत्या गाडीत वारा बल्बला थंड ठेवतो आणि स्विचला पाणी ६ ते ७ अंश कमी भासतं. लेथचं काम करायचं नसेल तर हा मार्ग चालेल, फक्त नॉब तेवढा खाली ठेवावा लागतो.

शेवटी जे केलं ते सगळ्यात बरं. ८० मिमी लांबीचा पितळी नळीचा तुकडा, होजच्या आतल्या व्यासाला घट्ट बसेल असा, दोन्ही टोकांना उंचवट्याची कड काढून. त्यात आडवी, एका टोकाने बंद तांब्याची नळी ब्रेझिंगने बसवली. तिचा आतला व्यास बल्बपेक्षा अर्धा मिमी जास्त. ही नळी पाण्याच्या वाटेच्या पाव भागापेक्षा जास्त अडवणार नाही हे बघा. होजचा सरळ भाग कापून तुकडा मध्ये घातला, चार क्लॅम्प, आणि बल्ब थर्मल पेस्ट लावून त्या कोरड्या खिशात. मे महिन्यापासून एक थेंब गळलेला नाही. बल्ब बदलायचा झाला तर पाणीही काढावं लागत नाही.

उरलेली कॅपिलरी वाटीएवढ्या घेरात सैल गुंडाळा. ती कोपऱ्यात मोडली की आतली वाट बंद होते, आणि मग स्विच कायमचा गेला. मडगार्डला टेकते तिथे रबरी नळी चढवा.

आता नॉब. बसवण्याआधी जुन्या पातेल्यात पाणी तापवा, बल्ब तळाला न टेकता तारेने टांगा, शेजारी थर्मामीटर, आणि मल्टिमीटर आवाजाच्या (टोकं जोडली गेली की वाजणाऱ्या) सेटिंगवर स्विचच्या दोन टोकांना. पाणी ढवळत, मंद आचेवर. आमच्या स्विचमध्ये नॉब ९० वर असताना मीटर ८४ अंशांना वाजला. गॅस बंद करून पाणी उतरू दिलं, तेव्हा आवाज ७८ ला थांबला. म्हणजे छापील आकड्यात सहा अंशांची खोट, आणि लागणं-बंद होणं यांत सहा अंशांचं अंतर. दोन्ही आकडे वहीत लिहा, नॉबच्या चार-पाच जागांचे.

मग थर्मोस्टॅटकडे बघा. त्याच्यावर अंश कोरलेले असतात. आमचा ८२ चा. फॅन बंद होण्याचं तापमान थर्मोस्टॅट उघडण्याच्या तापमानापेक्षा वरच असलं पाहिजे. खाली गेलं तर थर्मोस्टॅट पाणी तेवढं थंड होऊच देत नाही, आणि फॅन सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबत नाही. पुष्कळ गाड्यांत ‘स्विच खराब आहे’ म्हणून तो काढून टाकला जातो तो यामुळेच. आपण नॉब छापील ९० वर लावतो, प्रत्यक्षात तो ७८ ला बंद होणार असतो. आमचा नॉब ९६ च्या खुणेवर आहे: फॅन ९० ला लागतो, ८४ ला बंद होतो. उन्हाळ्यासाठी वेगळं सेटिंग लागेल असं वाटलं होतं, लागलं नाही. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. पाणी रेडिएटरमधून घाईने फिरतं आणि हिवाळ्यात इंजिन तापतच नाही.

मे महिन्यात दुपारी क्रांती चौक ते सिडको या पट्ट्यात फॅन बहुतेक वेळ चालूच असतो, पण तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या थोडा वर जाऊन थांबतो. श्रावणी सोमवारी दौलताबादच्या दिल्ली दरवाज्यात वाहनं अडकतात, तिथे मूळ पंख्यावर ही गाडी बाजूला घ्यावी लागायची. यंदा लागली नाही. कन्नडचा घाट चढताना खालच्या गिअरमध्ये फॅन लागतो, माथ्यावर पोचल्यावर दोन-तीन मिनिटांत बंद होतो. ॲव्हरेज वाढलं म्हणावं असा फरक दिसला नाही. आवाज मात्र बराच कमी झाला, आणि थंडीत इंजिन लवकर तापतं.

बिघाड तीन झाले. पहिला, खराब रस्त्याच्या हादऱ्यांनी नॉब आपोआप खाली सरकला. आता त्यावर आणि डबीवर मिळून रंगाची एक रेघ मारली आहे, आणि नॉबखाली रबरी वायसर आहे. दुसरा, फ्यूज होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडलं. फ्यूज शाबूत होता; होल्डरच्या आतल्या पट्ट्या सैल होत्या, तिथे तापत होतं. चांगल्या पकडीचा होल्डर आणि पक्कडीने नव्हे तर क्रिम्पिंग टूलने दाबलेले लग (वायरीच्या टोकाचे धातूचे जोड) लावल्यावर बंद झालं. तिसरा पावसाळ्यातला. वायरीवरून ओघळणारं पाणी स्विचच्या डबीत शिरलं आणि पॉईंटवर हिरवा थर आला. वायर डबीत शिरण्याआधी तिला खाली झोल दिला की पाणी तिथूनच गळून जातं.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. कॅपिलरी फुटली आणि आतला द्रव निघून गेला तर स्विचला कायम ‘थंड’ वाटतं आणि फॅन लागत नाही. म्हणजे बिघाड धोक्याच्या बाजूने होतो. त्यासाठी डॅशबोर्डवर एक साधं बटण स्विचला समांतर जोडा, म्हणजे फॅन हाताने लावता येईल, आणि फॅनच्या वायरवरून छोटा दिवा घ्या. हे बटण फॅन लावणारंच असावं, बंद करणारं नको. बॉनेट उघडून हात घालण्याआधी फ्यूज काढा; चावी चालू असेल तर हा फॅन कोणत्याही क्षणी फिरतो.

सोयाबीनच्या काढणीत भुसा जाळीत अडकतो. पंधरा दिवसांनी मागून पुढे, कमी दाबाच्या हवेने साफ करतो. सध्या माजलगाव-गेवराई भागात उसाच्या ट्रॉल्यांमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगावं लागतं, तेव्हा डॅशवरचा दिवा लागतो, तीन-चार मिनिटं राहतो आणि विझतो. डिकीत एक जादा रिले, दोन फ्यूज आणि हातभर वायर ठेवली आहे.