अनोव्हा कशात करू? एक्सेल, एसपीएसएस, आर की जामोव्ही

तीन-चार ग्रुप आहेत, प्रत्येकाचा मीन काढून झालाय, आता हा फरक खरा आहे की नुसता योगायोग ते बघायचंय, म्हणजेच अनोव्हा करायचाय, तर कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? थिसिस सबमिशन जवळ आलं की हा प्रश्न इतक्यांदा कानावर येतो की म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू. आधीच सांगतो, साध्या वन-वे (ग्रुप एकाच गोष्टीवरून पाडलेल्या) अनोव्हाचा एफ, म्हणजे ग्रुप-ग्रुपमधला फरक ग्रुपच्या आतल्या चढउताराच्या किती पट ते सांगणारा आकडा, सगळीकडे सेमच येतो. फिशरनं १९२० च्या दशकात मांडलेलं गणित आहे ते, सॉफ्टवेअर बदललं म्हणून थोडीच बदलणार. फरक पडतो तो एफच्या अलीकडे आणि पलीकडे, म्हणजे डेटा कुठल्या आकारात मागतं, ग्रुपचे व्हेरियन्स (आकड्यांचा पसारा) सारखे नसतील तर काय करतं, आणि नेमका कोण कोणापेक्षा वेगळा हे सांगतं की तिथं हात वर करतं.

मध्येच कोणीतरी विचारणार, मग सरळ प्रत्येक जोडीला टी-टेस्ट लावली तर काय बिघडतं? चार ग्रुपच्या सहा जोड्या होतात. दर टेस्टला ५ टक्के चुकायची मुभा दिली आणि टेस्ट एकमेकांपासून स्वतंत्र धरल्या, तर सहापैकी कुठेतरी खोटा फरक दिसायची शक्यता २६ टक्क्यांच्या वर जाते. पाच ग्रुप असतील तर दहा जोड्या आणि शक्यता ४० टक्के. एवढं बिघडतं.

तुलना हवेत नको म्हणून एकच डेटा धरतो. आरसोबत प्लांटग्रोथ नावाचा एक छोटासा डेटा आयताच मिळतो, त्यात ३० रोपांची वाळवून घेतलेली वजनं आहेत, १० कंट्रोलची, १० पहिल्या ट्रीटमेंटची आणि १० दुसरीची. मीन येतात ५.०३२, ४.६६१ आणि ५.५२६. अनोव्हा केला की एफ ४.८४६, डिग्रीज ऑफ फ्रीडम २ (ग्रुप वजा एक) आणि २७ (रोपं वजा ग्रुप), पी ०.०१६. पी म्हणजे खरा फरक नसताना नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसायची शक्यता, ती वरच्या ५ टक्क्यांच्या, म्हणजे ०.०५ च्या खाली आली की फरक मानतात. कशातही करा, हेच येणार.

आता एक्सेल. अ‍ॅड-इन्समधून अ‍ॅनालिसिस टूलपॅक चालू करायचा, ग्रुप शेजारी-शेजारी कॉलममध्ये ठेवायचे, सिंगल फॅक्टरवाला अनोव्हा निवडायचा, टेबल तयार. आणि तिथंच संपलं. कुठली जोडी वेगळी ते सांगणारा ट्युकी नाही, व्हेरियन्स सारखे आहेत का ते बघणारी लेव्हीन नाही, ते सारखे नसतानाही चालणारा वेल्च अनोव्हा नाही. आता वरचाच डेटा घेऊन बसलेला माणूस काय करेल बघा, पी ०.०१६ दिसला की खूष होऊन 'ट्रीटमेंटचा परिणाम झाला' असं लिहून मोकळा. पण ट्युकी लावला तर कळतं की दुसरी ट्रीटमेंट विरुद्ध कंट्रोल पी ०.१९८, पहिली विरुद्ध कंट्रोल ०.३९१, आणि दोन ट्रीटमेंट आपापसात ०.०१२. म्हणजे कंट्रोलपेक्षा वेगळी असं दोघींपैकी एकीबद्दलही म्हणता येत नाही, जो काही फरक सापडला तो त्या दोघींमधला! हे एक्सेल तुम्हाला सांगणारच नाही, व्हायव्हाला समोरचा सांगेल. अजून एक, टूलपॅकचं आउटपुट गोठलेलं असतं, डेटातला एखादा आकडा दुरुस्त केला तरी टेबल जुनंच राहतं, आणि टू-वे (दोन गोष्टींवरून ग्रुप पाडलेला) रेप्लिकेशनवाला घेतला तर प्रत्येक खान्यात सारखीच संख्या लागते, एक रोप मेलं की अडलं सगळं. पहिली नजर टाकायला ठीक आहे, छापायला नको.

एसपीएसएस १९६८ पासून आहे, २००९ पासून आयबीएमकडे. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तुमच्या गाईडला ते येतं, आणि हा फायदा हसण्यावारी नेऊ नका, रात्री अकराला अडल्यावर फोन करायला माणूस असणं फार मोठी गोष्ट आहे. पोस्ट-हॉकचं (अनोव्हानंतरच्या जोडी-जोडीच्या तुलनांचं) बटण दाबलं की चौदा चौकोन समान व्हेरियन्सवाल्यांचे आणि खाली चार असमानवाल्यांचे. इथंच घोळ सुरू होतो, कारण यादीत पहिला नंबर एलएसडीचा, आणि एलएसडी म्हणजे कुठलंही करेक्शन नसलेल्या जोडी-जोडीच्या टेस्टच. आपल्या डेटात दुसरी ट्रीटमेंट विरुद्ध कंट्रोलचा पी ट्युकीनं ०.१९८ येतो, एलएसडीनं ०.०८८. एवढी सूट मिळते म्हटल्यावर लोक तोच चौकोन का टिक करतात ते सांगायला नको. तुम्ही ट्युकी घ्या, व्हेरियन्स सारखे नसतील तर खालच्या चारातला गेम्स-हॉवेल घ्या, बाकी चौकोनांकडे सहसा बघायची गरज पडत नाही. वेल्च ऑप्शन्समध्ये लपलेला असतो, स्वतःहून टिक करावा लागतो. इफेक्ट साईज (परिणाम किती मोठा ते सांगणारा आकडा) वन-वेच्या खिडकीत २७ व्हर्जनपासून आली, जुनं व्हर्जन असेल तर शोधत बसू नका. आणि हो, पीच्या जागी .००० दिसलं तर ते शून्य नसतं, थिसिसमध्ये ०.००१ पेक्षा कमी असं लिहायचं. लायसन्स मात्र लागतं, ते कॉलेजचं असलं तर उत्तम, नसलं तर पुढे वाचा.

आर फुकट आहे, सगळं करतं, आणि पहिल्याच दिवशी तुमचा अहंकार जमिनीवर आणतं. माझाच किस्सा सांगतो. ग्रुपला नावं द्यायचा कंटाळा म्हणून मी १, २, ३ असे कोड टाकले होते, अनोव्हाचं एओव्ही फंक्शन चालवलं, पी आला भलताच मोठा, आणि मी अख्खी संध्याकाळ डेटा एंट्री परत परत तपासत बसलो. चूक डेटात नव्हतीच. आरनं १, २, ३ हे खरे आकडे समजून त्यातून सरळ रेष काढली होती, अनोव्हा झालाच नव्हता. प्लांटग्रोथवर मुद्दाम हीच चूक करून बघा, एफ ४.८४६ चा २.६ होतो आणि पी ०.०१६ चा ०.१२ च्या आसपास. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. ओळखायची खूण एकच, तीन ग्रुप असताना डिग्रीज ऑफ फ्रीडम २ यायला हवेत, १ दिसला की थांबा आणि आधी तो कॉलम फॅक्टर करा, म्हणजे हे आकडे नसून ग्रुपची नावं आहेत असं आरला सांगा. गंमत म्हणजे एसपीएसएसच्या वन-वेचं बरोबर उलटं, तिथं ग्रुपचा कॉलम अक्षरांत असेल तर तो खिडकीत निवडायलाच मिळत नाही, आधी आकड्यांत रीकोड करून या म्हणतं. एकाला आकडे चालत नाहीत, दुसऱ्याला अक्षरं, मधे आपण.

पण एकदा ही खाच कळली की आरसारखं सुख नाही. ट्युकी एका ओळीत होतो, सहा महिन्यांनी रिव्ह्यूअर म्हणाला की दोन नमुने वगळून परत करा, तर स्क्रिप्टमध्ये एक ओळ घालायची आणि चालवायचं, कुठला चौकोन टिक केला होता ते आठवत बसायला नको. एसपीएसएसमध्येही पेस्ट दाबून सिंटॅक्स साठवता येतो खरं तर, पण दाबतंय कोण.

जामोव्ही हे माझ्या मते बहुतेकांचं उत्तर आहे आणि बहुतेकांना ते माहीतच नसतं. फुकट, आतून आरवरच चालतं, दिसायला मात्र मेनू आणि टिकवाले चौकोन. डेटा बदलला की टेबल तिथल्या तिथं बदलतं, एसपीएसएसची फाईल थेट उघडते, आणि सिंटॅक्स मोड चालू केला तर खाली आरचा कोडही दाखवतं, म्हणजे पुढे आर शिकायचं असेल तर शिकवणी फुकट. एकच धक्का बसतो. त्याच्या वन-वेमध्ये वेल्च आधीच टिक केलेला असतो, त्यामुळे आपल्या डेटाला ४.८४६ ऐवजी एफ ५.१८ आणि पी ०.०१७ दिसतो आणि माणूस घाबरून सॉफ्टवेअर चुकलं म्हणतो. फिशरचा चौकोन टिक करा, जुना आकडा शेजारी येतो. खरं तर वेल्च डिफॉल्ट असणं मला शहाणपणाचंच वाटतं, व्हेरियन्स सारखे असले तरी त्याचं फारसं नुकसान होत नाही, नसले तर तो वाचवतो.

जास्प त्याच घराण्यातलं, अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातून आलेलं, बेझियन अनोव्हा हवा असेल तर तिकडे जा. पायथनमध्ये सायपाय लायब्ररीचं वन-वे फंक्शन एफ आणि पी हातावर ठेवून गप्प बसतं, ट्युकी वेगळा मागावा लागतो, आणि स्टॅट्समॉडेल्स लायब्ररीच्या फॉर्म्युल्यात १, २, ३ वाली खाच आरसारखीच आहे. आधीच पायथनमध्ये राहत असाल तर ठीक, फक्त अनोव्हासाठी तिकडे जाऊ नका.

दोन जागी आकडे खरोखर जुळत नाहीत, तिथं भांडू नका. एक म्हणजे लेव्हीन टेस्ट, एसपीएसएसच्या टेबलातली पहिली ओळ मीन धरून असते, आरचं कार पॅकेज आणि सायपाय मीडियन धरून काढतात, म्हणून पी वेगळा. दुसरी जागा टू-वेची, ग्रुपमधली संख्या असमान असेल तर आरचा एओव्ही टाईप वन बेरीज घेतो (फॅक्टर लिहिलेल्या क्रमानं एकामागून एक मोजतो), एसपीएसएस टाईप थ्री (प्रत्येक फॅक्टर बाकीचे सगळे धरून मोजतो). आरमध्ये तर फॅक्टरचा क्रम उलटा लिहिला तरी उत्तर बदलतं. जर्नलला कुठला हवाय ते बघून तो मागा आणि मेथडमध्ये टाईप लिहून टाका.

तर मी कोणाला काय सांगेन? एकदाच थिसिस करायचाय आणि कोडिंगचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो, तर जामोव्ही. डिपार्टमेंटमध्ये एसपीएसएस बसवलेलं आहे आणि गाईडला त्याच टेबलची सवय आहे, तर उगाच क्रांती नको, तेच वापरा, फक्त एलएसडीपासून लांब राहा. दर सीझनला तोच प्रयोग आणि तेच अ‍ॅनालिसिस होणार असेल तर आरवर दोन आठवडे घालवा, वसूल होतात. आणि काहीही घेतलंत तरी डेटा पहिल्यापासून लांब आकारात भरा, एका ओळीत एक रोप, एका कॉलममध्ये ग्रुपचं नाव, दुसऱ्यात वजन, कारण एक्सेलचा टूलपॅक सोडला तर बहुतेक सगळे तोच मागतात. स्वतःचा डेटा टाकायच्या आधी प्लांटग्रोथचे ३० आकडे त्यात घालून बघा, ४.८४६ आला तर पुढे जा, २.६ आला तर काय झालंय ते आता तुम्हाला माहितीये.