कॉम्प्युटरवरचे मेसेज पॉपअप बंद करायला गेले आणि 92,220 रुपये गेले, वाचा आणि सावध राहा

कॉम्प्युटरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात आपोआप मेसेज टपकायला लागले तर कुठल्याही नंबरला फोन करू नका. पॉपअपमध्ये दिलेल्या नंबरला तर नाहीच, पण नेटवर सर्च केल्यावर सगळ्यात वर जी 'हेल्पलाइन' येते तिलाही नाही, ती बहुतेकदा जाहिरात असते आणि पैसे भरून कुणीही तिथे येऊन बसतो. माझे 92,220 रुपये अशा नंबरमुळे गेलेत.

मी नाशिकला घरून छोट्या दुकानदारांची टॅलीची आणि जीएसटी रिटर्नची कामं करते. एका क्लायंटची यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये होती, ती युनिकोडमध्ये करायला एका फुकट कन्व्हर्टरच्या साइटवर गेले, तिथे आलं की तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला 'अलाऊ' दाबा. दाबलं. दिवसभर दहा साइटवर हेच विचारतात, कोण वाचत बसतं? दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. हिरव्या चॅटच्या चिन्हासारखं काहीतरी यायचं, '2 मेसेज वाचायचे बाकी', सोबत टिंग असा आवाज, म्हणून मला वाटलं व्हॉट्सअ‍ॅप वेबच असेल. मग लाल ढाल आणि 'तुमच्या पीसीत 5 व्हायरस'. आणि मग फोटो यायला लागले. एक दुकानदार काका शेजारी खुर्चीत बसलेत, त्यांचं जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, 3बी, भरायचंय, 20 तारीख डोक्यावर, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात अर्धवट कपड्यातल्या बाईचा फोटो, 'हाय, मी तुमच्या जवळच राहते'. काका काही बोलले नाहीत, फक्त खिडकीकडे बघायला लागले. मला त्या क्षणी काय वाटलं ते शब्दात सांगता येत नाही. माझ्याकडे लोकांचे पासवर्ड असतात, बँक स्टेटमेंट असतात, त्यांना वाटलं असणार ही बाई कॉम्प्युटरवर काय बघते. म्हणून म्हणते, उगाच हौस म्हणून फोन केला नव्हता मी.

फोनवरचा माणूस हिंदीत पण इतका शांत आणि अदबीने बोलत होता, "मॅम, घाबरू नका, आपण आत्ता बघून घेऊ." त्याने लांबून कॉम्प्युटर चालवायचं रिमोटचं अ‍ॅप टाकायला लावलं आणि मग विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवलं, लाल-पिवळ्या खुणांची भलीमोठी यादी, म्हणे हे सगळे हॅकर. ही यादी प्रत्येक विंडोजमध्ये असते, अगदी नव्या कोऱ्या मशीनमध्येही, एखादी सर्व्हिस उशिरा चालू झाली तरी तिथे नोंद पडते. हे मला आता कळलंय, तेव्हा कुणी सांगितलं असतं? 4,000 चा तीन वर्षांचा सिक्युरिटी प्लान आणि 18 टक्के जीएसटी 720, असे 4,720 यूपीआयने दिले. जीएसटी लावला म्हणून उलट विश्वास बसला.

त्याने बिल पाठवलं व्हॉट्सअ‍ॅपवर, पीडीएफ. आणि त्या बिलाचं मला अजून सहन होत नाही. दिवसाला पन्नास बिलं बघणारी मी, समोरच्याचा जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटीचा नोंदणी नंबर, चुकला की दुकानदाराला फोन करून परत पाठवायला लावणारी मी. त्या बिलावर नंबर होता 27 ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्रातला, आणि मोजले तर अक्षरं 14. पंधरा असतात! शिवाय नंबर महाराष्ट्राचा, माझा पत्ता महाराष्ट्राचा, तर 9 टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि 9 टक्के एसजीएसटी (राज्याचा) लागायला पाहिजे, यांनी सरळ दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आयजीएसटी 720 लावलेला. शिकाऊ पोरगीही पकडेल अशी गोष्ट. पण ते आलं तेव्हा पॉपअप थांबले होते, रिटर्न अडकले होते, रात्री साडेअकरापर्यंत मी लोकांचे आकडे भरत होते, माझं स्वतःचं बिल मोबाईलवर तसंच पडून राहिलं. तेव्हा उघडून नीट बघितलं असतं तर 4,720 वरच संपलं असतं. पुढचे 87,500 त्या एका न मोजलेल्या अक्षराचे आहेत, मला तरी असंच वाटतं. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की कंपनीचं नाव दिसतं, लॉगिनसुद्धा लागत नाही, कुणीही बिल पाठवलं की आधी हे करा.

आठवड्याच्या आत पॉपअप परत आले. त्यालाच फोन केला, पैसे दिले होते ना. तो म्हणाला चुकीचा प्लान लागलाय, पूर्ण रिफंड देतो, मोबाईलही सुरक्षित करून घेऊ, म्हणून तिथेही एक अ‍ॅप. रिफंडच्या फॉर्ममध्ये डेबिट कार्डाचा नंबर भरून घेतला, नेटबँकिंग उघडायला लावलं आणि स्क्रीन काळी झाली, "मॅम, अपडेट चालू आहे, हात लावू नका." मी ओटीपी कुणालाही सांगितलेला नाही, हे ठळक लिहून ठेवते. मोबाईलची स्क्रीन त्यालाच दिसत होती, सांगायची गरजच नव्हती. रिफंड द्यायला कुणालाही तुमची स्क्रीन लागत नाही, कार्ड नंबर लागत नाही, ओटीपी लागत नाही.

3:41 ला मेसेज आला, 49,000 गेले, आयएमपीएसने. मी कॉम्प्युटरचा प्लगच उपटला, मोबाईलचं नेट बंद केलं आणि 3:43 ला बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी हे दाबा, कार्डासाठी ते दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे आणि संगीत. मी संगीत ऐकत असताना 3:58 ला कार्डावरून आणखी 38,500 गेले, एका वॉलेटमध्ये. लाइनवर होते मी तेव्हा! शाखेत गेले तर मॅनेजर म्हणतात, "तक्रारीची नोंद 4:20 ची आहे, त्याच्या आधीच्या व्यवहारांची जबाबदारी तुमची, ओटीपी तुमच्याच मोबाईलवर गेलाय." मी कॉल लॉगचा स्क्रीनशॉट दाखवला, तो त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक प्रिंट काढून नेलं, त्यात स्पष्ट आहे की ग्राहकाने कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं कामही बँकेचं. त्यावर उत्तर काय, "मॅडम, हे हेड ऑफिसला कळवतो." लेखी द्या म्हटलं तर देत नाहीत. अहो, मी फोन लावला म्हणजे कळवलं नाही का, तुमच्या माणसाने उचलला नाही हा माझा दोष? बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, मी केली आहे.

पोलिसांचं तर काय सांगू. पैसे गेल्या-गेल्या 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, तो मी केला आणि त्यामुळेच 14,300 रुपये पुढच्या खात्यात गोठले, बाकीचे तोपर्यंत निघून गेले होते. पण पुढे एफआयआर पाहिजे ना. आमच्या भागातल्या ठाण्यात म्हणाले सायबरला जा, सायबरला म्हणाले रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातूनच होईल. ठाण्यात परत गेले तर आयटी अ‍ॅक्टचा तपास पीआय साहेबच करतात आणि साहेब बंदोबस्ताला. साहेबांशिवाय तपास होत नाही हे खरं आहे, कायद्यात तसंच आहे, पण म्हणून तक्रार लिहूनच घ्यायची नाही असं कुठे लिहिलंय? 1 जुलै 2024 पासून नव्या फौजदारी कायद्यात कुठल्याही ठाण्यात, हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची तरतूद आहे. हे बोलले तर तिथला एकजण म्हणाला, "एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि अशा फसता?" बाकावर दहा माणसं बसलेली, सगळी माझ्याकडे बघताहेत. चोराने लुबाडलं ते वेगळं, पण ज्याच्याकडे दाद मागायला जायचं त्याने चारचौघांत असं बोलायचं? मोटरसायकल चोरीला गेली तर असं विचारतात का कुणाला?

आणि ज्या पॉपअपसाठी हे सगळं झालं, ते शेजारच्या इंजिनीअरिंगच्या मुलाने चहा गार व्हायच्या आत बंद केले. "काकू, व्हायरस नाहीच आहे." क्रोममध्ये वर उजवीकडे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे 'अलाऊ' दाबून मेसेज पाठवायची परवानगी दिलेल्या साइटची यादी होती, त्यात माझी मेल आणि चार चित्रविचित्र नावं, ती चारही ब्लॉक केली, संपलं. मागच्या वेळी त्या माणसानेही हेच केलं असणार आणि एक साइट मुद्दाम चालू ठेवली असणार, नाहीतर परत आले कसे? नंतर रिमोटची अ‍ॅप काढली, विंडोजबरोबर जी सिक्युरिटी फुकट येते तिचा फुल स्कॅन केला, दुसऱ्या मोबाईलवरून सगळे पासवर्ड बदलले, क्लायंटचेही, प्रत्येकाला फोन करून कारण सांगून. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढं तरी घरातल्या मोठ्या माणसांना सांगून ठेवा.

ते 14,300 सुटायला कोर्टाची ऑर्डर लागेल असं मला सांगितलंय आणि कोर्टाला ठाण्याचा रिपोर्ट लागतो, तो अजून गेलेला नाही. सोमवारी अर्ज घेऊन परत जातेय, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठणार नाही. नाशिकमध्ये कुणाला अशी गोठलेली रक्कम कोर्टातून परत मिळाली असेल तर अर्ज कसा लिहिला होता ते कृपया कळवा.