होगार्थच्या 'बिअर स्ट्रीट'ची फ्रेम: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

इंग्लिश चित्रकार विल्यम होगार्थच्या 1751 सालच्या 'बिअर स्ट्रीट' या चित्राची छापील प्रत फ्रेमसकट ऑनलाइन मागवली, त्याला बरेच महिने झाले. आता एक पावसाळाही निघाला, म्हणून सविस्तर लिहितो.

मागवताना माझी एकच अट होती, आकार मुळाइतका हवा. मूळ छाप साधारण 38 सेंमी उंच आणि 32 सेंमी रुंद आहे. हे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र. यात करडा रंग नसतोच, बारीक रेषा उभ्या-आडव्या दाट ओढून सावली उभी केलेली असते. ए-फोर आकारात या रेषा एकमेकींत मिसळतात आणि काळपट डाग उरतो. स्वस्त पडतो म्हणून छोटा आकार अजिबात घेऊ नका. चित्राखालच्या कविता कापलेल्या नाहीत ना, हेही बघून घ्या. जेम्स टाउनली या धर्मगुरूच्या त्या ओळी चित्राचाच भाग आहेत. माझ्या प्रतीत त्या पूर्ण आहेत.

छपाई मॅट कागदावर आहे आणि मी तिच्यावर खूश आहे. भिंग लावलं तरी रेष तुटत नाही. उजवीकडे पिंच नावाच्या गहाणवटदाराचं घर आहे. सगळा रस्ता खाऊनपिऊन सुखी, मग याच्याकडे गहाण ठेवायला येणार कोण? घर मोडकळीला आलंय, गहाणवटीच्या दुकानाची खूण असलेली तीन गोळ्यांची पाटी कलंडलीय, आणि पोरगा दाराच्या झरोक्यातून त्याला बिअरचा पेला देतोय. दार उघडायचीही त्याला भीती, ज्यांचं कर्ज थकलंय ते धरतील म्हणून! तो झरोका मला पहिले काही आठवडे दिसलाच नव्हता. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या कोळणी हेरिंगच्या मासेमारीवरचं गाणं वाचतायत, छपरावरचे कामगार पेले उंचावतायत, आणि मागे सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या लंडनमधल्या चर्चच्या मनोऱ्यावर दुसऱ्या जॉर्ज राजाच्या वाढदिवसाचा झेंडा आहे. सगळ्या रस्त्यात फाटके कपडे पाटी रंगवणाऱ्या चित्रकाराचेच, पण स्वतःच्या कामाकडे तो किती कौतुकाने बघतोय! मला चित्रातला सगळ्यात आवडता माणूस हाच.

एक गोष्ट विकत घेण्याआधी तपासा. पहिल्या आवृत्तीत लोहार एका फ्रेंच माणसाला हवेत उचलतो. पुढे होगार्थने पत्र्यावरचा तो भाग बदलून लोहाराच्या हातात मटणाची तंगडी दिली. माझी प्रत तंगडीवाली आहे. विक्रेत्याच्या माहितीत आवृत्तीचा उल्लेख नव्हता, तो असायला हवा होता.

फ्रेमबद्दल मात्र तक्रार आहे. पुढे साधी चकचकीत काच होती, त्यामुळे संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की अर्धं चित्र गायब. जुलैत भिंत सादळली तसा मागचा पुठ्ठा फुगला आणि कागदाला खालच्या बाजूने लाट आली. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर 'हवामानामुळे झालं' एवढंच उत्तर आलं. आपल्याकडे फ्रेम विकायची तर पावसाळा धरूनच ती बांधायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटी कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याने काम केलं. कमी चमकणारी काच टाकली, आम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावला, मागची फट कागदी टेपने बंद केली आणि खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यात हवा खेळते. लाट जवळजवळ बसली. मूळ किमतीच्या तिसरा हिस्सा खर्च वाढला, तो आधीच धरून चला.

घरी पहिल्या दिवशी आई म्हणाली, "अरे, हॉलमध्ये दारूचं चित्र?" तिला या चित्राचा जोडीदार 'जिन लेन' मोबाइलवर दाखवला. जिन या स्वस्त, कडक दारूने लंडनच्या गोरगरिबांची जी दशा केली होती ती त्यात आहे. पायऱ्यांवर नशेत बसलेली आई, तिच्या हातातून निसटून खाली पडणारं मूल. तिथला गहाणवटदार मात्र जोरात आहे. जिनच्या विक्रीला आळा घालावा, या मागणीला बळ देण्यासाठी होगार्थने ही जोडी काढली आणि त्याच वर्षी संसदेने तसा कायदाही केला. बिअर तेव्हा कष्टकऱ्याचं रोजचं, अंगात ताकद देणारं पेय मानलं जाई. आईने दोन्ही चित्रं बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "मग तेही लाव ना शेजारी. एकट्या याच्यावरून कुणाला काय कळणार?"

तिचं बरोबर आहे. होगार्थने 1751च्या फेब्रुवारीत दोन्ही चित्रं एकत्रच विक्रीला काढली. किंमत प्रत्येकी एक शिलिंग आणि शौकिनांसाठी जास्त चांगल्या छपाईची प्रत दीड शिलिंगला. छपाईच्या दर्जाचे जास्त पैसे तेव्हाही लागत होतेच, ते द्यावेत. 'जिन लेन' मी आता फ्रेमशिवाय, नुसता प्रिंट मागवलाय, त्याच आकारात, कवितेसकट. फ्रेम आमचा कोपऱ्यावरचा फ्रेमवालाच करणार, माउंटची रुंदी त्याने लिहून ठेवलीय.